बाद केलेला प्रश्न

अमरावती,
गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्यास,
प्रणालीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला गेला, आईची चिडचिड आहे तशीच आहे. मोर्शीच्या मावशीकडून संत्री आली, त्यातली निम्मी तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहेत. भाची पत्र लिहायला बसली म्हणजे लग्न तरी ठरलं नाही तर नोकरी तरी गेली, असं तुला वाटेल. दोन्ही नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि पेनही जाड घेतलंय. का, ते पुढे लिहिते. एकदम लिहायचा धीर होत नाही.

तू मागे विचारलं होतंस, "तू घरी बसून करतं तरी काय वं?" नीट सांगते. आमची कंपनी दवाखान्यांसाठी फोनवर बोलणारा एआय एजंट बनवते. बाबा त्याला अजून विम्याचा एजंट समजतात. पेशंटचा फोन आला की हा एजंट बोलतो, काय होतंय ते विचारतो, डॉक्टरची वेळ देतो. पण त्याच्यावर भरवसा टाकण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी लागते, म्हणून आम्ही प्रश्नांचे संच करतो. असे संच आता इतके झालेत की ते नुसते शोधून दाखवायला एक वेगळं टूल केलंय. ते कसं वापरायचं, कोणतं बटण दाबलं की कोणती यादी येते, हे नव्या माणसाला समजेल असं लिहून काढायचं, हे सध्या माझं काम.

पुण्यातल्या मुलांनी केलेल्या प्रश्नांत एजंट पहिल्या नंबराने पास व्हायचा. मी म्हटलं, आमच्या वऱ्हाडातली माणसं काय पुस्तकासारखी बोलतात? म्हणून गणपतीच्या दिवसांत तुझ्या मागे लागले आणि तू फोनवर रेकॉर्ड करून प्रश्न पाठवलेस. "मले बुधवारी याचं हाय, डॉक्टर हाये काय?" "काहून उचलून नाही राहिले फोन?" त्या संचाला मी तुझंच नाव दिलं. तुझ्या प्रश्नांपुढे एजंटची बोबडी वळली. साहेबांनी माझं कौतुक केलं, आणि मी ते एकटीने घेतलं.

या सोमवारी मी त्या टूलचं शेवटचं पान लिहीत होते. नेहमीच्या यादीत बाद केलेले प्रश्न दिसत नाहीत. तेही पाहायचे असतील तर काय करायचं, हे सांगणारं पान. त्यात उदाहरण दाखवायला कोणता तरी संच हवा होता. मी मायेने तुझा घेतला.

यादीत सगळ्यात खाली एक ओळ आली. बाद. कारण, असंबद्ध बडबड. बाद करणारी, प्रणाली.

मला आठवेचना. बहुतेक तेव्हा घाईत पहिलं वाक्य ऐकलं असेल आणि पुढे ऐकलंच नसेल. लगेच ते रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. तू म्हणतेस, "झालं काय वं पोरी? का चालूच हाय हे? आता खरंखुरं सांगतो तुले. मले डाव्या डोयानं दिसून नाही राहिलं. समोर धूर असल्यावानी वाटते. सुई ओवता येत नाही. अंकुरले सांगू नोको, तो माही शिलाई मशीनच बंद करून टाकते. तुले दवाखान्यातलं समजते, म्हणून तुलेच सांगून राहिली."

आत्या, पोटच्या पोराला सोडून तू ते मला सांगितलं होतंस. आणि मी त्याला बडबड म्हटलं. कामापुरता मामा अन् ताकापुरती आजी म्हणतात, त्यात मी आत्याची भर घातली.

मग भाऊबीज आठवली. बाबांना ओवाळताना तू कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लावलंस. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसले, वर म्हटलंही, "आत्या, भावाला नटीसारखं नटवतेस की काय!" तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. ते पाहणं मला आज कळलं. तुला वाटलं असेल, हिला सगळं माहीत आहे आणि तरी ही हसते. त्यानंतर तू विषय काढला नाहीस. तू कशाला काढशील?

सोमवारीच मी तुला फोन केला होता. "कशी आहेस" म्हटलं तर तू म्हणालीस, "मस्त हाओ. तुले काय झालं?" "काही नाही, सहज," म्हणून मी फोन ठेवला. आवाज रेकॉर्ड करून पाठवावा म्हटलं, तर त्याचीच लाज वाटली. म्हणून हा कागद.

त्या पानावर मी दुसरं उदाहरण टाकलं. तुझं रेकॉर्डिंग संचातून काढून माझ्याकडे ठेवलं. काढताना टूलने पुन्हा कारण विचारलं. मी लिहिलं, "हा प्रश्न परीक्षेसाठी नव्हता, माझ्यासाठी होता." साहेब विचारतील तेव्हा विचारतील.

येत्या सोमवारी सकाळच्या एसटीने मी अकोल्याला तुझ्याकडे येते. डोळ्यांच्या डॉक्टरांची त्याच दिवसाची वेळ घेतली आहे. एजंटकडून नाही, मी स्वतः बोलून. इतके दिवस वाया गेल्याने काय बिघडलंय ते मला माहीत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. उशीर झाला असेल तर तो माझ्यामुळे, हे मी डॉक्टरांसमोरही सांगेन. अंकुरदादाला मी काही बोललेले नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव. मशीन मात्र कोणी बंद करणार नाही, डोळा बरा होईपर्यंत तुझ्या सुया मी ओवून ठेवीन.

रागावलीस तर रागाव, पण दवाखान्यात चल.

दार उघडायला घाईने उठू नकोस, उंबरठ्याला ठेच लागेल. मी अंगणातूनच हाक मारीन. तू माझा आवाज एका हाकेत ओळखतेस.

तुझी,
प्रणाली