गेटच्या खांबाची सावली

गुरुवार, १२ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? भाचीच्या घराचे जिने दिवसातून दहादा चढू नकोस, ती काय लहान आहे का आता? माझा खोकला गेला. घरमालकानं खिडकीला काच बसवली, थंडी संपल्यावर.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितोय. रविवारी तू म्हणालीस, "तो फोटो तू दाखवला नसतास तर जन्मभर त्यांच्या थापा ऐकत बसले असते. तुझे उपकार आहेत माझ्यावर." मी नुसतं "हं" म्हणालो. 

तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमानं लिहितो, कारण चूक क्रमातच झाली आहे.

वाचनालयाच्या बांधकामावर माझे दोन कॅमेरे होते. एक समोरच्या गच्चीवर, एक गेटवर. दर दोन मिनिटांनी एक फोटो. हजारो फोटो जोडले की वर्षभराचं काम चार मिनिटांत उभं राहतं. भाऊजी तिथे सुपरवायझर होते, त्यांच्या शब्दावरच ते काम मला मिळालं होतं. दुसरा मजला ओतताना टेकू सरकले आणि स्लॅब कोसळला. सुतारमिस्त्री खाली सापडला, तो गेला. गच्चीवरच्या कॅमेऱ्यात वेळ चार वाजून दोन मिनिटं.

भाऊजी म्हणाले, "मी स्लॅबपाशीच होतो. पडल्यावर अँब्युलन्सला वाट दाखवायला बाहेर धावलो." मजूरही तेच म्हणाले, पण ती त्यांच्या हाताखालची माणसं, त्यांचं कोण ऐकतो? गेटवरच्या फोटोत भाऊजी पाठमोरे बाहेर जाताना दिसत होते. वेळ तीन सव्वीस. ओतकाम अर्धवट असताना सुपरवायझर छत्तीस मिनिटं आधीच पसार, असा त्याचा अर्थ निघाला. ती वेळ बरोबर आहे, असं चौकशीत मी शपथेवर सांगितलं. त्याच आठवड्यात तू बॅग भरलीस.

ताई, ती वेळ चुकीची होती.

प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याची वेळ नोंदलेली असते. आम्ही तिला मेटाडेटा म्हणतो. गेटवरच्या कॅमेऱ्याचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे होतं. मला ते ठाऊक होतं. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंमधून एकदम चाळीस मिनिटं वजा करायला मी कॉम्प्युटरला सांगितलं. तो मध्येच बंद पडला. वेळा कुठवर बदलल्या हे मी पाहिलं नाही. राहिलेले फोटो वेगळे काढून तेवढ्यांचीच वेळ बदलली, असं मला वाटलं. ते अर्धवटच खरं होतं. चुकून काही आधीचे फोटोही त्यात गेले. त्यांच्यातून चाळीस मिनिटं दोनदा गेली. भाऊजींचा फोटो त्यातलाच शेवटचा.

त्यांच्या फोटोनंतर एकदम चार आठचा फोटो. मधले वीस फोटो गायब. मला वाटलं, कॅमेरा झोपला असेल. फिल्ममध्ये धक्का दिसू नये म्हणून मी ती फट नकली चित्रांनी भरली. वेळेप्रमाणे फोटोंना नवे नंबर दिले, कॅमेऱ्याचे मूळ नंबर पुसले. मूळ प्रती ठेवल्या नाहीत. डिस्क भरली होती आणि फिल्म शुक्रवारी द्यायची होती.

गेल्या नोव्हेंबरात वाचनालयवाल्यांनी मोठ्या पडद्यासाठी फिल्म पुन्हा मागितली. नकली चित्रं काढून टाकली, तेव्हा ते दोन फोटो शेजारी आले. भाऊजी बाहेर जाताहेत तो, आणि त्यानंतरचा. गेटच्या खांबाची सावली दोन्हींत दुसऱ्या पायरीचा टवका उडालाय त्याच जागी. बेचाळीस मिनिटांत सावली बोटभरसुद्धा हलली नव्हती. सूर्य थांबत नाही, ताई. ते दोन फोटो पाठोपाठचे होते. भाऊजी चार वाजून सहा मिनिटांनी बाहेर पडले. स्लॅब पडल्यावर. म्हणाले होते तसेच, धावत.

तो सोमवार होता.

बुधवारी त्यांचा फोन आला.

"काय फोटोवाले, जिवंत आहात ना? एक विचारू? त्या फोटोत मी पळतोय की चालतोय?"

"पळताय."

"मग घाबरूनच पळालो असेन रे. मला आठवतं वेगळंच. पण कॅमेऱ्याचं मी काय घोडं मारलंय, तो कशाला खोटं बोलेल?"

दोन्ही फोटो माझ्या समोर उघडे होते. मी म्हणालो, "रविवारी येतो, निवांत बोलू."

"ये. चहा जमतो मला आता. पिण्यासारखा नसतो, पण जमतो."

मला आधी वकिलाला विचारायचं होतं. शपथेवर बोललो होतो, धंदा बसला असता. शुक्रवारी सकाळी शेजाऱ्यांना त्यांच्या खोलीचं दार उघडेना. तोडलं, तेव्हा भाऊजी गेलेले होते.

अंत्यविधीला तू आली नाहीस. दारापाशी लोक कुजबुजत होते, बायकोसुद्धा आली नाही म्हणून. मी तिथंच उभा होतो, खरं कारण माहीत असून. नंतर चार महिने स्वतःची समजूत घातली, की आता सांगून कुणाचं भलं होणार? रविवारी तू उपकार म्हणालीस आणि तीही समजूत गेली.

उद्या सकाळी चौकशी कार्यालयात लेखी कबुली देतोय, दोन्ही फोटोंसकट. एक प्रत मिस्त्रीच्या बायकोला. दोन वर्षं ती भाऊजींना शिव्या देतेय, तिलाही चुकीचाच माणूस दाखवला मी. तू नको म्हणालीस तरी देणार. बाहेरून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

यानं तुझं काय होईल ते मला कळतं. इतके दिवस तुला निदान राग होता. तो मी काढून घेतोय आणि त्या जागी द्यायला माझ्यापाशी काहीच नाही. ते खरं बोलत होते. त्यांच्यावर विश्वास ठेवू नकोस असं तुला मी सांगितलं होतं, पुरावा दाखवून. नवऱ्याला शेवटचं बघायलाही का गेली नाहीस, असं कुणी विचारलं, तर सांग, भावानं फसवलं.

तुला फसवणारा,
तुझा धाकटा