कपाटासमोर कानबाई

२० जुलै, रविवार. सकाळी ११.
तिसऱ्या कप्प्यात बँडेज. दुसऱ्यात तापाच्या गोळ्या, ओआरएस, थर्मामीटर. सर्वांत वर आईचा दम्याचा पंप. दीड खोलीच्या घरात भिंतीतलं कपाट हे एकच. बायकोची, शीलाची, लोणच्याची बरणी बाहेर काढली. तिने ती उचलून पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवली. पटलं असावं.
आई म्हणाली, मन्हा पंप मन्हाजोडे ऱ्हाऊ दे. नकार दिला. ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगितलंय: एक घर, एक जागा. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

२२ जुलै.
ड्रिल घेतलं. टार्गेट दहा सेकंद. आईला धाप लागल्याचं नाटक करायला सांगितलं. ती हसतच सुटली. चोवीस सेकंद लागले. कुलूप जाम. तेल द्यायचं.
शीलाने विचारलं, बाकीचे चौदा सेकंद आईंनी काय करायचं? मी ड्रिल संपल्याचं जाहीर केलं.

२७ जुलै.
तेल राहिलं.
यंदा भाऊबंदांची श्रावणातली देवी, कानबाई, आमच्याकडे बसणार. रनाळ्याहून हिंमतरावकाका आणि भाऊबंद, सतरा माणसं. गर्दी म्हणजे आपत्तीच. मी तयार आहे.

२ ऑगस्ट, शनिवार.
देवीच्या चौरंगाला जागा कपाटासमोरच आहे. मीच दाखवली. कानबाई रविवारी बसते, सोमवारी सकाळी नदीवर जाते. तोवर हलवत नाहीत. एका दिवसाचा प्रश्न. बाजूने हात जातो. मोजून पाहिलं. केळीचे खांब अजून यायचेत, पण ते कितीसे जाड असणार?

३ ऑगस्ट, रविवार. रात्री ८.
खांब जाड होते.
सातच्या आरतीला धुपाचा धूर कोंडला आणि आईला धाप लागली. नाटक नव्हे. ओठ काळे पडायला लागले. मी किल्ली काढून पुढे झालो. काकांनी दंड धरला. म्हणाले, बठेल कानबाईले कोनी हालावस का? आईसुद्धा हातानेच नको म्हणाली.
तेवढ्यात शीलाने पोह्यांच्या डब्यातून दुसरा पंप काढला. वीस तारखेलाच आणून ठेवला होता म्हणे. मला न विचारता. शेजारच्या गुलाबबाईने आईला बाहेर ओट्यावर नेलं. दहा मिनिटांत आई बोलू लागली.
मला चक्कर आली नव्हती. खाली बसलो होतो. गुलाबबाईने मीठ-साखरेचं पाणी पाजलं, वर बायकांना सांगितलं, मायपेक्षा पोऱ्याच पांढरा पडना. सगळ्या हसल्या. आई सर्वांत जास्त.
पाणी घेतलं ते तिचा मान राखण्यासाठी.

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ९.
सातला कानबाई नदीवर निघाली. आईही निघाली, पंप कमरेला खोचून, शीलाचा हात धरून. मी चप्पल घालत होतो. आई म्हणाली, तू घर ऱ्हाय, भाऊ. तू लवकर घाबरी जास.
घरी राहिलो.