पिचरचा चेहरा

वुडलँड्स, सिंगापूर

प्रिय ताई,

माझ्या हातचं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून पहिलेच सांगते. सगळे जिवंत आहेत, दीपेशची नोकरी चालू आहे, घर आहे. फोन सोडून कागदावर लिहितेय कारण फोनवर बोलायला ह्या घरात आडोसाच नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट, आणि इराचे कान मांजराचे. तुझा फोन आला की तीच आधी धावते, मावशी मावशी करत. वरच्या मजल्यावरच्या मेधाताई मंगळवारी पुण्याला चालल्यात, त्या तिथून कुरिअर करणार आहेत. माझं शुद्धलेखन बघू नको. दहावीला दोनदा बसले तरी निघाले नाही, तुलाच माहीत.

इराचा हात दुखतोय ताई. बॉल टाकायचा हात. आणि पुढच्याच्या पुढच्या रविवारी तिची फायनल आहे.

तुला वाटेल पोरांचे हातपाय दुखतातच. मलाही आधी तसंच वाटलं. तुला पहिल्यापासून सांगते म्हणजे कळेल. दीपेशने जहाज सोडून हार्बरफ्रंटच्या ऑफिसात नोकरी धरली तेव्हा इरा सहा वर्षांची होती आणि बापाला काका म्हणायची. खरंच म्हणायची. वर्षातले आठ-नऊ महिने तो समुद्रावर, मग पोरगी काय करणार. घरी आल्यावर त्याला तिच्याशी काय बोलावं तेच कळायचं नाही. सोफ्यावर दोघं दोन टोकांना बसायचे, जसे दवाखान्यात नंबर लावलेत. मग एका रविवारी ते फिरायला गेले, तिथे मैदानावर पोरं बेसबॉल खेळत होती. इरा जाळीला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, हे तर मावशीचं. तुझा तो फोटो आहे ना, हातात कप घेतलेला, तो तिने आपल्या घरी पाहिलेला होता. त्या दिवसापासून बापलेकीला बोलायला विषय मिळाला. तू तुझा जुना ग्लोव्ह पाठवलास तो ती उशाशी घेऊन झोपते. चामड्याचा वास येतो म्हणून मी ओरडते, ती इथल्या पोरांसारखं शेवटी लाह लावून म्हणते, "आई, दिस इज लक लाह."

तर आता हे असं झालंय की इराने बॉल टाकला की तिची टीम हरत नाही. गेल्या वर्षापासून हरलेली मला आठवत नाही. पोरांमध्ये एकटी पोरगी, नऊ वर्षांची, आणि ते मोठे मोठे गोरेगोमटे पोट्टे तिच्यापुढे बॅट फिरवून परत जातात. कोच दीपेशला हात जोडून नमस्कार करतो, आपल्यासारखा, शिकलाय तो. तंबूखाली बसलेल्या बाकीच्या आया मला फळं कापून देतात. मला इंग्रजी येत नाही तरी त्यांच्यात मला जागा आहे, इराची आई म्हणून. तुला खोटं कशाला सांगू, मलाही ते गोड लागतं.

दीपेशला तर वेडच लागलंय. मोबाईलवर अमेरिकेतल्या जुन्या पिचरांचे, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांचे, व्हिडिओ लावतो, वीस-वीस वर्षं जिंकत राहिलेल्यांचे. पांढऱ्या मिशांचे झाले तरी टाकतायत. इराला शेजारी बसवून म्हणतो, बघ, ही माणसं थांबली नाहीत म्हणून जिंकली. मी भाजी निवडता निवडता बघते. मला खेळातलं तुझ्याइतकं कळत नाही, पण दोन गोष्टी मला दिसल्या. एक म्हणजे ती माणसं टाकून झालं की एका हातालाच जाकीट घालून बसतात, एवढ्या उन्हात. म्हणजे हाताला जपतात, लेकरासारखं. आणि दुसरं, ज्यांचा हात गेला त्यांचा व्हिडिओ कोणी लावत नाही. मी दीपेशला म्हणलं हे. तो म्हणाला, "तुला काय कळतं त्यातलं, तू भाजी बघ." हसूनच म्हणाला, पण म्हणाला.

इथे नियम आहे ताई. लहान पोरांनी एका दिवशी किती बॉल टाकायचे ते ठरलेलं असतं, कोचच्या हातात टिकटिक मोजायचं यंत्र असतं. नियम चांगला आहे. पण इरा शनिवारी एका क्लबकडून खेळते आणि रविवारी मोठ्या पोरांच्या दुसऱ्या क्लबकडून, आणि मधल्या दिवशी संध्याकाळी दीपेश ऑफिसातून आला की ब्लॉकखाली गाड्यांच्या मागे बापलेक टाकत बसतात. तिथे कुठलं यंत्र. शनिवारवाल्याला रविवारचं माहीत नाही, रविवारवाल्याला शनिवारचं, आणि बापाचं तर खेळणंच आहे. कोणी खोटं बोलत नाही बघ. प्रत्येकजण आपापलं बरोबर मोजतो. बेरीज फक्त इराच्या हातात होते.

मला कळलं ते कंगव्याने. इराचे केस ती स्वतः बांधते, पाचव्या वर्षापासून, मला हात लावू देत नाही. गेल्या महिन्यात शाळेच्या घाईत ती कंगवा घेऊन माझ्यापुढे पाठमोरी उभी राहिली. "आई, यू डू." एवढंच. मी म्हणलं, काय गं, आज आईची आठवण कशी आली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मी तिचा हात धरून सरळ करायला गेले तर तो सरळ होईना. कोपराशी अडकला. ताई, तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. नुसतं डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि ती भिंतीकडे बघत राहिली.

मी आधी आपलं केलं. तिळाचं तेल गरम करून चोळलं, तुझा हात आई चोळायची तसं. हळदीचा लेप लावला. चार दिवसांनी सूज वाढली. मग दीपेशला न सांगता तिला दवाखान्यात घेऊन गेले. आता ऐक काय झालं. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, सावकाश बोलायचा, पण इंग्रजीच. मला कुठे येतं. नेहमीसारखं इरा मध्ये. बँकेत इरा, शाळेत इरा, दवाखान्यात इरा. हाडाचा काढलेला फोटो दाखवून तो बराच वेळ बोलला, इराने ऐकलं, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई, तो म्हणतो ओके आहे. मॅचनंतर थोडा रेस्ट." मला इतकं हलकं वाटलं की मी हसले. दोन्ही हात जोडून थँक्यू म्हणलं. डॉक्टर माझ्या हसण्याकडे बघत राहिला. मग इराकडे. मग परत माझ्याकडे. त्याने कागद ओढला आणि चित्र काढलं. एक हात, एक चेंडू, चेंडूवर मोठी फुली. कोपरापाशी हाड काढलं आणि हाडाचं टोक सुटून बाजूला गेलेलं काढलं. मग बाहेर जाऊन हिंदी येणाऱ्या एका नर्सला घेऊन आला. ती बाई म्हणाली, बहनजी, ये बच्ची आपको ठीक से नहीं बता रही. वाढीचं हाड आहे ते, अजून कच्चं आहे, ओढून ओढून उघडलंय. आता थांबली तर भरून येईल, लहान आहे. अजून टाकलं तर हात असाच वाकडा राहील, पुढे ऑपरेशन, आणि तरी सरळ होईल की नाही सांगता येत नाही.

माझ्या लेकीने माझ्या तोंडावर स्वतःचं दुखणं बदलून सांगितलं. परत येताना एमआरटीच्या गाडीत मी तिच्याशी बोलले नाही. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग आपणहून म्हणाली, "मावशीने पण सांगितलं नसतं."

तू गणपतीत व्हिडिओवर तिला काय शिकवलंस ते तुला आठवतं का. मी मोदक वळत होते, पण कान तिकडे होते. तू म्हणालीस, इरू, पिचरला चेहरा नसतो. दुखलं, रडू आलं, घाम डोळ्यात गेला, समोरच्याला काही दिसू द्यायचं नाही. त्याला दिसलं की तू गेलीस. मला तेव्हा अभिमान वाटला. तू खेळातलं सांगत होतीस, बॅट घेतलेल्या पोराबद्दल. तिने ते आईला पण लावलं.

दीपेशला मी सगळं सांगितलं, चित्र दाखवलं. तो वाईट नाही ताई, तू त्याच्यावर चिडू नको. त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "फायनल जिंकली तर टीम तैवानला जाणार. पोरगी वर्षभर त्याच्यासाठी राबली. एवढी एक मॅच होऊ दे, मग सहा महिने बॉलला हात लावू देणार नाही." मी म्हणलं, हाड आहे ते, त्याला तैवान कळतं का. तर म्हणाला, "डॉक्टरांचं काय, ते भीती घालणारच. तुझी ताई बघ. पंधरा वर्षं टाकत होती, जिल्हा, विद्यापीठ, राज्य. काही झालं तिला? ते रक्तात असतं." इरा दारात उभी होती. तिने मान हलवली, हो म्हणून. दोघं माझ्याकडे बघत होते, आणि मी गप्प बसले. मला गप्पच बसावं लागलं. काहून ते तुला माहीत आहे.

आता मी तुला काही आठवणी सांगते. माझ्या लग्नात तू डाव्या हाताने अक्षता टाकल्यास. आत्या किती बोलली, शुभकार्यात डावा हात, खेळाडू झाली म्हणून काय रीत सोडायची. तू हसलीस आणि म्हणालीस, उजव्याने टाकल्या असत्या तर नवरदेवाला लागल्या असत्या. अख्खा मांडव हसला. मी अंतरपाटाच्या अलीकडून तुझ्याकडे बघत होते. तुझा उजवा हात शालूच्या पदराखाली होता, जेवतानाही बाहेर आला नाही. आणि तुझी शेवटची तीन वर्षं आठव. पेपरात तुझं नाव घालून यायचं, कादंबरी आता डोक्याने खेळते, हळू बॉल टाकून फसवते. बाबा कात्रणं चिकटवायचे. मी तुझ्या खोलीत झोपायचे ताई. मला माहीत होतं तू हळू का टाकत होतीस. जोरात जातच नव्हता. तरी तू जिंकलीस. म्हणून कोणाला शंकाही आली नाही. हरली असतीस तर कोणीतरी हात बघितला असता.

हाताचं कोणाला सांगायचं नाही म्हणून तू मला आईच्या गळ्याची शपथ घातलीस, आणि मी ती पाळली, नवऱ्याजवळ सुद्धा. तुझी शाळेतली नोकरी, खेड्यापाड्यातून तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी, त्यांच्या बापांचा भरवसा, ते सगळं त्या न हरलेल्या हातावर उभं आहे हे मला कळतं. मला तुझं घर हलवायचं नाही. तुझ्या पगारावर माझं लग्न झालं. पण मला झोप लागत नाही. इरा शाळेतून आली की मी तिच्या हाताकडे बघते, चेहऱ्याकडे बघतच नाही. तिथे काही दिसत नाही.

मी दीपेशच्या पाया पडू शकते, मैदानात जाऊन आडवी पडू शकते, इराला खोलीत कोंडू शकते. मग ती मला आयुष्यभर बोलेल, तू मला थांबवलंस, मी मावशी झाले असते. ती माझं ऐकणार नाही, बापाचं नाही, डॉक्टरचं तर नाहीच. तुझं ऐकेल. पण नुसतं तोंडाने सांगितलंस तर तिला वाटेल आईने शिकवून ठेवलं. म्हणून मी शपथ मोडत नाही ताई, मोडायची तर तू मोड. हे पत्र हाती पडेल त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल कर. दीपेशला मी शेजारी बसवून ठेवीन. केस मोकळे सोडून बस. रोज सकाळी दार लावून आई तुझी वेणी घालते ना, त्या दिवशी तिला स्वयंपाकघरात पाठव. इराला म्हण, थांब गं, आधी वेणी घालते, मग बोलू. आणि उजवा हात वर ने. जिथपर्यंत जातो तिथपर्यंत. फोन बंद करू नको, हसण्यावारी नेऊ नको, लागेल तितका वेळ लागू दे. आणि तेवढा वेळ, माझ्या लेकीसाठी, तुझा चेहरा लपवू नको.

तुझ्या फोनची वाट बघणारी, तुझीच,
जया