दगड आणि झाडाच्या मधून

मंगळवार, २ सप्टेंबर

नापास! कॉम्प्युटरवरच्या गाड्यांच्या शर्यतीतली ताईची फेरी नापास केली. वेळ जास्त लागला म्हणून नव्हे — व्हिडिओत नीट दिसत नाही म्हणून.

शर्यत मंडळाच्या पंचबाईंचं उत्तर मी चष्म्याच्या दुकानात, कामावरच वाचलं. "जंगलातल्या वळणावर गाडी दगडाच्या अलीकडे दिसते आणि एकदम झाडाच्या पलीकडे. मधलं काहीच दिसत नाही. कापाकापी झाली असावी अशी शंका घ्यायला जागा आहे. रविवारपर्यंत स्वच्छ व्हिडिओ द्या, नाहीतर फेरी यादीतून काढावी लागेल."

कापाकापी म्हणे. माझ्यादेखत, याच पलंगावर मांडी घालून ताईनं ती फेरी मारली. सगळे त्या दगडाला वळसा घालतात. ताई दगड आणि झाडाच्या मधून घुसली, धो धो पावसात — म्हणजे खेळातल्या पावसात — आणि यादीत पहिली आली. इतके लोक हा खेळ खेळतात, कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दिवसभर शाळेची बस गोगलगायीसारखी चालवणारी माझी बहीण!

आणि व्हिडिओ कुणी बनवला? मी. सॉफ्टवेअर विचारत गेलं, मी हो म्हणत गेले.

ताईला सांगितलं. "बरं," म्हणाली, आणि कपडे वाळत घालायला गेली. ताई "बरं" म्हणते तेव्हा काहीच बरं नसतं.

बुधवार, ३ सप्टेंबर

मंडळाच्या पानावर लोकांना नुसता ऊत आलाय. "बसवाल्या बाईंनी झाडातून बस नेली." खाली हसणाऱ्यांची रांग.

ते सोडा. ताईच्या बसमध्ये मागच्या बाकावरच्या मुलींनी ते वाचलंय. उतरताना एकीनं विचारलं, तुम्ही खरंच फसवलंत का?

"मग तू काय म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"मग ती?"

"बरं म्हणाली." ताई पाणी प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. संध्याकाळचे दिवेसुद्धा लागले नव्हते.

मी कॉम्प्युटर उघडला. मुळातलं रेकॉर्डिंग तसंच पडलेलं आहे. एकेक चित्र पुढे सरकवत पाहिलं. दगड. गाडीचं नाक. आरसा. खोड. सगळं आहे! म्हणजे ताईचं खरं आमच्याकडे शाबूत आहे, माझ्या हातून बाहेर पडताना वाटेत सांडलं. मूळ चित्रण सेकंदाला साठ चित्रांचं, मी बाहेर काढलं तीस. निम्मी चित्रं मीच फेकून दिली, आणि गाडी झाडातून गेली ती अशी.

गुरुवार, ४ सप्टेंबर

सोपं आहे म्हणून उड्या मारत बसले. एक्सपोर्टच्या खिडकीत तीसच्या जागी साठ केलं, फाईल काढली, ताईला हाक मारली. गाडी पुन्हा दगडाअलीकडे आणि पुन्हा झाडापलीकडे. तश्शीच.

ताई म्हणाली, "राहू दे गं. खेळच आहे."

खेळच आहे तर काल जेवली का नाहीस, असं विचारणार होते.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

सापडलं. एक्सपोर्ट साठचा, पण ज्या प्रोजेक्टमध्ये मी काम करत होते तो मुळात तीसचा! मग ते बिचारं सॉफ्टवेअर काय करणार — तेच चित्र दोन-दोनदा दाखवून साठ भरतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. प्रोजेक्टही साठचा केला. गाडी लोण्यासारखी सरकली. दगड आणि झाडाच्या मध्ये गाडी आहे, मी स्वतः पाहिली.

पण आईला बोलावलं तर आई म्हणाली, "हे जंगल होय? मला वाटलं शेवाळं."

बरोबर आहे. पाऊस पडतोय, पानं हलतायत, प्रत्येक चित्रात सगळंच बदलतंय, आणि तेवढं मावायला फाईलमध्ये जागाच नाही. त्या जागेला बिटरेट म्हणतात. तो कमी, म्हणून पानांचा चिखल आणि चिखलात आरसा गायब.

मग काय, दिसेल ते बटण फिरवलं, बिटरेट तर नेला शेवटच्या टोकाला. एवढी अगडबंब फाईल झाली की आमचा कॉम्प्युटरच धापा टाकायला लागला. अपलोड मुंगीच्या पावलानं. शेवटी बंद केलं.

रविवार परवा.

शनिवार, ६ सप्टेंबर

दुकानात एक बाई आल्या, जुना चष्मा नकोसा झालेला. मी सवयीनं भिंगं बदलत होते — हे बरं की ते बरं? आता? आणि आता? — आणि हात हवेतच थांबला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर मी कधी दोन भिंगं एकदम बदलत नाही. एक बदलायचं, विचारायचं, मग दुसरं. आणि घरी मात्र चार बटणं एका दमात फिरवते!

घरी आले ती थेट कॉम्प्युटरपुढे. अख्खी फेरी घेतलीच नाही, फक्त वळणाचा तुकडा. बाकी काही हलवायचं नाही, नुसता बिटरेट एकेक पायरी वर. आईला समोर बसवलं.

"हे बरं की ते बरं?"

"ते."

"आणि आता?"

"आता पानं मोजता येतील."

"आणि आता?"

"सारखंच आहे. उगीच माझे डोळे दमवू नकोस."

जिथे आईला फरक दिसेना तिथून एक पायरी खाली आले. फाईल आवाक्यात! मग शेवटची गोष्ट — चित्राचा आकार एक माप मोठा करून काढला, कारण जिथे व्हिडिओ चढवतो ती साइट तो स्वतःच्या हातानं पुन्हा दाबून लहान करते, आणि मोठ्या मापाच्या व्हिडिओला जरा कमी दाबते असं वाचलं होतं. तोच तुकडा दोन्ही मापांत चढवून पाहिला. वाचलेलं खरं निघालं.

ताई दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिला वळण दाखवलं. तिनं खुर्ची ओढली. "परत लाव," म्हणाली. मग परत. मग म्हणाली, "आरसा घासला असता गं."

रविवार, ७ सप्टेंबर

अपलोड झाला. उघडून पाहते तर — शेवाळं! आई म्हणाली, "दृष्ट लागली."

दृष्टबिष्ट काही नाही. साइट आधी छोटं, धुरकट रूप तयार करते, मोठं मागाहून. घाईघाईनं लिंक पाठवली असती तर पंचबाईंनी पुन्हा तेच धुकं पाहिलं असतं. बसून राहिलो तिघी. ताईनं बसचे दिवे तपासावेत तशी दर थोड्या वेळानं खिडकी ताजी केली. आणि मग एकदम स्वच्छ. खोडाची साल दिसत होती. ओल्या पानांवरचे थेंब दिसत होते.

लिंक ताईनं स्वतःच्या हातानं पाठवली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

मान्य! मान्य! मान्य!

पंचबाईंनी लिहिलंय, "एकेक चित्र थांबवून पाहिलं. गाडी सलग दिसते. आरसा आणि खोड यांच्यात बोटभर अंतर असेल. शंका मागे घेते. इतकं धाडस मी या वळणावर पाहिलेलं नाही."

मोठ्यानं वाचून दाखवलं. आईला दोनदा. ताई म्हणाली, "बरं." पण या वेळी तोंड लपवायला भिंतीकडे वळली नाही. ताटातलं सगळं संपवलं आणि वर अजून मागितलं.

बुधवार, १० सप्टेंबर

मागचा बाक उतरताना टाळ्या वाजवत उतरला.

शनिवार, २० सप्टेंबर

मंडळानं ताईला पंच केलं! लोक पाठवतील त्या फेऱ्या तपासायच्या. मंडळाच्या पानावर त्या वळणाला आता सगळे "बसथांबा" म्हणतात, आणि हसणाऱ्यांतले निम्मे लोक माझ्याकडे सेटिंग्ज मागतायत. मी! जिला गेल्या महिन्यात बिटरेट म्हणजे एखादं औषध वाटलं असतं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

ताईकडे फेरी आली. कुणीतरी नवखं, नावही ओळखीचं नाही. व्हिडिओ तीस चित्रांचा, चिखल नुसता. पण कोपऱ्यातली वेळ वाचता येते. ताईपेक्षा कमी.

मी म्हटलं, "नियमच आहे. दिसत नाही, नापास. संपलं."

ताई म्हणाली, "तू काय काय केलंस ते सगळं लिहून पाठव त्याला. प्रोजेक्टचंही लिही. तिथेच अडतं माणूस."

"अगं, पण..."

"लिही."

लिहिलं. मनाविरुद्ध, पण एकही पायरी गाळली नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

नवा व्हिडिओ आला. लखलखीत. ताईनं एकेक चित्र थांबवून पाहिला आणि मान्य केला. यादीत ताई आता दुसरी. मला रडू फुटलं, तिला नाही. "त्याचं पुलावरचं वळण पाहिलंस?" म्हणाली. "असंही जाता येतं तर. सरक, मला बसू दे."