पेटीचं झाकण मी उघडलं

त्या शुक्रवारी पहाटे मी सहा भाकऱ्या थापल्या, बोईसरच्या टॉकीजची बाल्कनी झाडली आणि मशीनची केबिन पुसायला घेतली. मी तिथे झाडूवाली, माझे यजमान धर्माजी ऑपरेटर. ते कामासाठी मनोरला गेले होते, शोच्या आधी परतणार होते.

मी, रखमा धर्माजी संखे, वय ६४, राहणार पाम, हे शुद्धीत, कोणी न सांगता, माझ्या हाताने लिहिते आहे. अक्षरं सिनेमाच्या पोस्टरांवरून शिकले. चुका पोटात घालाव्यात.

१. पामचं घर मुलगी अपेक्षा हिला. शेवटचं पाणी माझ्या यजमानांना तिनेच पाजलं.

२. यांची हत्यारं मुलगा जितेश याला. नको असल्यास खाडीत टाकावीत, विकू नयेत. "कंपनीत मला चोराचा पोरगा म्हणतात," असं बोलून तो बापाच्या दहाव्यालाही आला नाही. पुढचं त्याच्यासाठी आहे.

३. रिळांच्या काळात मशीन रोज उघडून ब्रशने झाडायची आमची रीत. नव्या मशीनला पिक्चर कुलूपबंद येतो. त्याची किल्ली ईमेलने येते, त्या एकाच मशीनसाठी, ठरल्या तारखांपुरती. आत एक सीलबंद पेटी असते. ती उघडली की मशीनला वाटतं चोर आला, आणि ते स्वतःची ओळखच पुसून टाकतं. मग कुठलीच किल्ली लागत नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त पेटीवर बसलेली कारखान्यांची पांढरी भुकटी दिसली. स्क्रू मी काढले.

शो रद्द झाला. मालक शांतारामशेठ सगळ्यांदेखत यांना म्हणाले की पिक्चरची कॉपी काढायला पेटी फोडलीस. मी पुढे झाले, तर यांनी माझं मनगट धरलं. "तू गप ऱ्हा. माझं काम गेलंच हाय, तुझं तरी ऱ्हाऊ दे."

आठ महिन्यांत हे गेले. पेटीचं नाव पुन्हा काढलं नाही.

४. शांतारामशेठ माझ्या मयताला आले तर अडवू नये. खांदा मात्र देऊ देऊ नये.

५. जितेशने हे चारचौघांत वाचावं. टॉकीजचं आता गोदाम झालंय, ऐकायला कोण उरलंय? तो वाचेल असंही वाटत नाही. तरी राहिलेलं लिहिते. शो रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शेठनी कागद आणला. धर्माजीने चोरीसाठी पेटी उघडली, ते मी डोळ्यांनी पाहिलं, असं त्यात होतं. मी तो पूर्ण वाचला आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

रखमा धर्माजी संखे

आमच्यासमोर सही केली:
देवू वरठा, पाम
किंजल राऊत, बोईसर

पाम, ९ फेब्रुवारी २०२५