नव्या गाडीत तुझी बसायची जागा

आई, मागच्या पत्रात मी तुझ्याबद्दल एक गोष्ट चुकीची लिहिली. तुला तहान कमी लागायची, दिवसभर बाजारात बसूनही तू पाण्याला हात लावायची नाहीस, तुझी प्रकृतीच तशी होती, असं मी लिहिलं होतं. आणि थोडं कौतुकानं लिहिलं होतं, कारण लहानपणापासून आप्पांच्या तोंडून तेच ऐकलेलं. बाजारात शेजारच्या पालावरचा कोणी दुकानदार चहाला आला की आप्पा तुझ्याकडे बोट करून म्हणायचे, "आमची ही उंटीण हाय. सकाळी प्याली की डायरेक राती." तू पदर सारखा करून हसायचीस आणि चादरीची घडी मोडून गिऱ्हाइकासमोर पसरायचीस. त्या हसण्याला मी होकार समजले. तहान तुला लागायची. आता मला ते नक्की माहीत आहे, म्हणून ते आधी दुरुस्त करते आणि मग गाडीचं सांगते.

आपली मेटॅडोर आता जाणार. तिचं पासिंग होत नाही, आणि होण्यासारखं तिच्यात काही राहिलंही नाही. पत्रा खालून इतका गेलाय की माढ्याच्या रस्त्याला लागलं की धूळ आत येते आणि पांढऱ्या टॉवेलांवर बसते. आप्पांनी स्वतः ठोकलेल्या झोपायच्या फळ्या, शेगडीची पेटी, पाण्याचा कॅन बांधायचा पट्टा, सगळं अजून जागच्या जागी आहे. चार गावांचे बाजार करत चार दिवस त्यात राहायचं, याला तेव्हा काही नाव नव्हतं. आता आहे. मोबाईलवर पुण्याकडची मुलं त्यांच्या कॅम्पर गाड्या दाखवतात, आत ओटा, बेसिन, घडीचा पलंग, छतावर सोलर. ती हौसेनं डोंगरात जातात, आम्ही चादरी घेऊन नातेपुत्याला जातो, पण गाडीत राहायला जे लागतं ते तेच लागतं. आम्ही उंच छपराची एक जुनी व्हॅन घेतली आहे. सध्या ती गाड्यांचं आतलं लाकूडकाम करणाऱ्या मिस्त्रीचाचांच्या शेडमध्ये रिकामी उभी आहे, आत नुसता पत्रा. तिच्यात काय कुठं बसवायचं हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. तू असतीस तर हसली असतीस, कारण मी भाजी घेतानाही दोनदा परत जाणारी. महिनाभर मी पलंग डावीकडे की उजवीकडे यावर विचार करत होते. गॅसची टाकी झोपायच्या जागेपासून लांब हवी, चादरींच्या गठ्ठ्यांना ओल लागू नये, आप्पांच्या गुडघ्यांना पायरी उंच होऊ नये. सगळ्याची काळजी केली. जी करायला हवी होती ती सोडून.

गाडी करतोय म्हटल्यावर बाजारात प्रत्येकानं काही ना काही विचारलं. ॲव्हरेज किती, पंखा चालणार का, फ्रीज बसवणार का. आपल्या पालासमोर मसाले विकणारी मावशी तुला आठवत असेल, तुझ्याच वयाची, आता पुरती पिकली आहे. तिनं मिरच्या निवडता निवडता विचारलं, "संडास हाय का त्यात?" मी नाही म्हटलं. तिनं हातातली मिरची खाली ठेवली. "मग कशाची गं नवी गाडी? तुझी आई आन् मी पहाटं अंधारात एकदा बाभळीकडं जायचो, ते राती अंधार पडल्यावर दुसऱ्यांदा. मधी घोटबी न्हाय प्यायचा. तुझी आई तर जिभंखाली चिंच धरायची. तोंड वलं ऱ्हातंय म्हनायची." मी विचारलं, तिला तहान लागायची का. मावशी माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत. मग म्हणाली, "माणूसच हुती की ती."

तेव्हापासून एकेक दिवस मला वेगळा दिसायला लागला आहे. मी शाळेत जायच्या आधीची दोन वर्षं माझी शाळा गाडीतच होती. तू ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसलेली, मी तुझ्या पायाशी. गठ्ठ्यांच्या पांढऱ्या बारदानावर तू निळ्या खडूनं अक्षरं काढून देतेस आणि मी ती गिरवते. दोनाचा पाढा टॉवेलांच्या जोड्या लावत शिकले. एकदा नातेपुत्यात आप्पांनी मला उसाचा रस पाजला आणि वर सोडाही. भर दुपारी मला जायचं होतं. तू गिऱ्हाईक सोडून उठलीस, माझा दंड धरलास आणि अशी बोललीस की ते शब्द अजून लागतात. "बाजारात आल्यावर प्यायचं नसतं. किती वेळा सांगू तुला? घरी गेल्यावर पी, विहीर पी." मला वाटलं, रसाचा राग आला. मग तू डबल बेडची चादर काढलीस, गाडीच्या मागं नेऊन ती माझ्याभोवती गोल धरलीस आणि तोंड दुसरीकडे करून उभी राहिलीस. आतून मला चादरीची उलटी नक्षी दिसत होती आणि तुझी बोटं. मी बाहेर आले तेव्हा तुझे डोळे भरलेले होते. रागावल्याचा पस्तावा झाला असेल असं मी इतकी वर्षं धरून चालले. तुझ्याभोवती चादर धरणारं कोणी नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात येणं शक्य नव्हतं. नंतर येऊ शकलं असतं.

आणि शाळा. शुक्रवार पेठेतल्या घरापासून जवळ एक शाळा होती, आप्पांच्या ओळखीचे गुरुजी तिथं होते. तू ती नाकारलीस आणि मला लांबच्या शाळेत घातलंस. आप्पा वैतागले होते, म्हणाले, शिकवतात सगळीकडं सारखंच. त्या लांबच्या शाळेत तू माझा हात धरून गेलीस ती दुपार मला स्वच्छ आठवते. तू वर्ग बघितले नाहीस. बाईंशी बोलली नाहीस. शिपाईमावशीला काहीतरी विचारून सरळ मागच्या अंगाला गेलीस, मुलींच्या बाथरूमचं दार ओढून बघितलंस, आत शिरलीस आणि आतून कडी लावलीस. मी बाहेर उभी. कडी काढल्याचा आवाज आला, तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "हितंच घालायचं." त्या आठवड्यात तू मला पट्ट्याची लाल बाटली आणलीस. रोज संध्याकाळी ती उलटी करून बघायचीस, आणि पाणी उरलेलं असलं की ओरडा. बाकी आया डबा बघायच्या.

डॉक्टरांबद्दल मला जपून लिहायचं आहे. तुझ्या किडन्या गेल्या त्या पाण्यामुळे, असं तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं. बीपी होतं, गोळ्या तू मधेच सोडायचीस, मधे मधे ताप यायचा आणि अंगावर काढायचीस. मागच्या महिन्यात मी एका डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षं धरून ठेवलं, पाणी कमी प्यायलं, की जंतू वरपर्यंत जाऊ शकतात, पण तुमच्या आईंचं नेमकं कशानं झालं ते आता कोणी सांगू शकणार नाही. म्हणून मीही सांगत नाही. फक्त हे सांगते की शेवटी तुला मोजून पाणी द्यायचे. मी सातवीत होते. तू मागायचीस आणि आप्पा कापसाचा बोळा भिजवून तुझ्या ओठांवरून फिरवायचे. तुला हसवावं म्हणून ते म्हणाले, "जल्मभर पाणी लागलं न्हाय, आन् आता गं कशी मागतीस?" आणि तू हसलीस. आई, तू तेव्हाही हसलीस. त्यांना तेवढं तरी का सांगितलं नाहीस?

गेल्या आठवड्यात मिस्त्रीचाचांनी आम्हाला शेडमध्ये बोलावलं. त्यांनी फरशीवर खडूनं गाडी काढली होती, खरी तेवढीच, चाकांच्या जागांसकट. म्हणाले, "इसमें चलके देखो. लाकूड कापल्यावर मग रोना नहीं." आप्पा त्या रेघांच्या आत असे शिरले जणू खरंच पत्रा आहे, वाकून. पलंगाच्या चौकोनात उताणे झोपून बघितलं, उठले, आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला पायानं दाखवून म्हणाले की इथं बाक पाहिजे, जुन्या गाडीत आहे तसाच. तुला माहीत नसेल, तू गेल्यापासून त्या बाकावर त्यांनी कधी माल ठेवू दिला नाही. हंगामात गाडी छताला लागेस्तोवर भरली, एक गठ्ठा मांडीवर घेऊन मी आले, पण बाक रिकामा. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मी चाचांना बाजूला घेऊन आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं, बंद दाराची छोटी केबिन बसेल का, आत संडास, आतून कडी. ते म्हणाले होते, बसते, पण एकाच जागी. मागं गठ्ठे, मधे चाकाचा उंचवटा आणि टाकी, दुसऱ्या बाजूला ओटा आणि गॅस. राहते ती ड्रायव्हरच्या मागची. मी त्यांना चार वेळा विचारलं, दुसरीकडे कुठंच नाही का? चाचा म्हणाले, "बेटी, गाडी है, रबर नहीं." तेच त्यांनी आता आप्पांसमोर काढलं, त्यांना काय माहीत. एक चौकोन आखला आणि म्हणाले, "आप्पा, इथं बाक की लेडीज का बाथरूम, दोन्हींतलं एक बोला." आप्पा आधी हसले. म्हणाले, जिथं रांधायचं तिथंच हे? चादरीला वास लागला तर गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावून येईल. चाचांनी समजावलं की टाकी वेगळी असते, झाकण घट्ट असतं, वास येत नाही. आप्पा ऐकत होते. मग माझ्याकडे वळून, अजिबात न रागावता, समजूत घातल्यासारखं म्हणाले, "पोरी, तुझ्या आईनं इतकी वर्सं काढली माज्यासंगं. एकदाबी म्हनली न्हाय, मला लागतंय म्हणून."

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. चाचा खाली बघून खडू बोटांत फिरवत राहिले, त्यांच्या घरातही बायका आहेत. मी आप्पांकडे बघितलं. ते त्या चौकोनाच्या कडेला उभे होते, रेघेवर पाय पडू नये असे. त्यांच्याकडे तुझं म्हणून जे आहे त्यातलं हे एक मोठं आहे, की तुला कशाची गरज लागली नाही, की त्यांच्यासोबत तुला काही कमी पडलं नाही. ते मी एका वाक्यात काढून घेऊ शकत होते. मी म्हटलं, बघू, विचार करून सांगते. परत येताना त्यांनी बसस्टँडजवळ मला चहा पाजला आणि स्वतःची अर्धी बिस्किटं माझ्या बशीत सरकवली. म्हणाले, "तुला पायजे तशीच करू गाडी. मी आता किती दिस फिरणार?" मला त्या बशीकडे बघवेना.

बरोबर काय आहे ते मला ठरवता येत नाही. सांगितलं तर त्यांचं उरलेलं आयुष्य ते तुझी प्रत्येक दुपार आठवत बसतील. मी बसले आहे तशी. नाही सांगितलं तर तू पुन्हा एकदा गप्प राहिलीस असं होतं, आणि या वेळी मी तुला गप्प बसवलं. गावोगावच्या पालांवर आजही आप्पा तुझी ती उंटिणीची गोष्ट सांगतात, लोक हसतात, आणि मी शेजारी बसून चादरीची घडी मोडते.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, आणि लाल बाटली देणाऱ्या बाईला ती सांगताना लाज वाटते. मीही बाजारात पाणी पीत नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी शिकले, मोबाईलवर पैसे घेते, आणि सकाळी अर्ध्या कप चहावर निघते. कोणी शिकवलं नाही, आपोआप जमलं. या वर्षात दोनदा ताप येऊन लघवीला जळजळ झाली. डॉक्टर बाईंनी विचारलं, पाणी किती पिता, आणि मी भरपूर म्हणाले. तुझ्याबद्दल विचारायला गेले होते आणि स्वतःबद्दल खोटं सांगून आले.

म्हणून मी तुझं नाव न घेता सुरुवात करणार आहे. आप्पा, मला लागतं, एवढंच म्हणणार आहे. बाकाच्या जागी माझी केबिन येईल, तुम्ही नाही म्हणू नका. असलं काही मी त्यांच्याशी कधी बोललेली नाही. महिन्याच्या त्या दिवसांतही पोटात दुखतंय यापलीकडे गेले नाही, आणि वाक्य मनात जुळवतानासुद्धा कान गरम होतात. ते ऐकतील, मान खाली घालतील, आणि मग मला ज्याची भीती वाटते ते विचारतील, तुझ्या आईलाबी लागत आसंल का गं? त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. नाही विचारलं तर मी आपण होऊन सांगणार नाही. इतकंच मला ठरवता आलं आहे, आणि ते पुरेसं आहे की नाही ते मला कळत नाही.

हे पत्र आधीच्या पत्रांसारखंच कपाटात राहील. अमावस्येला आप्पा गाडी काढत नाहीत, नारळ फोडून दिवसभर घरीच असतात. चाचा मंगळवारी लाकूड कापणार आहेत. अमावस्या त्याच्या आदल्या दिवशी आहे, येत्या सोमवारी. सोमवारी सकाळी, त्यांची पूजा झाली की मी सांगणार आहे.