लाव्यांचा तांडा उठला

मोहदरी तांडा,
ता. ९ फेब्रुवारी १९५९

नेर मुक्कामी कापूस-बाजारात काट्यावर बसणारे आमचे थोरले मेहुणे उत्तमसिंगभाऊ यांना पूनमसिंगाचा वाकून रामराम. वहिनींना नमस्कार, लेकरांना पापा. तुमची दाढ अजून ठणकते की काढून टाकली ते कळवावे. इकडे तुमची बहीण हंसाबाई खुशाल आहे (तिची जीभ तिच्याहून खुशाल आहे), म्हैस दोन्ही वेळा दूध देते, आणि माझा खोकला तुमच्या आशीर्वादाने जिथल्या तिथे आहे. मी चौथी पास असल्यामुळे हे पत्र शुद्ध भाषेत लिहायचे ठरवले आहे. मध्येच राग आला आणि आपली बोली घुसली तर तेवढे सांभाळून घ्यावे.

तुमचे कार्ड पोचले. 'लावे आजारी असल्याचे मोटारीच्या कंडक्टरकडून कळले. त्यांना काही झाले तर याडीचे काय होईल ते कळवा.' बस्स, दोनच ओळी! भाऊ, कोऱ्या जागेचे पैसे पोस्टवाले परत देत नाहीत, आणखी दोन ओळी शिव्या लिहिल्या असत्या तरी चालले असते. असो. आता आमचे उत्तर ऐका, आणि बसून ऐका. लावे जगले! लावे जिंकले! पूनमसिंग हरला, पण ते मागाहून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही नेरला निघालात तेव्हा याडी, तुमची सख्खी आई असून, तुमच्याबरोबर आली नाही. 'मोटारीत मी बसत नाई, आन् परक्या गावात मी मरत नाई,' असे म्हणून तिने भिंतीकडे तोंड केले होते. तेव्हा तुम्ही तिच्या खाटेजवळ डालग्याखाली सात लावे ठेवून गेलात (तुमच्या बाजारात यांनाच बटेर म्हणतात आणि खातात, हे वाक्य याडीला वाचून दाखवणार नाही). तिने त्यांना तुमच्या आजोबांच्या, पाठीवर गोण्या वाहून गावोगाव फिरणाऱ्या सात लदनीच्या बैलांची नावे दिली. वाघ्या, कवड्या, मोरक्या, धवळ्या आणि पुढचे तीन. बैल केवढे, लावे केवढे, मुठीत मावतात! पण पहाटे वाघ्या बोलला की याडी म्हणते, 'उत्तम उठला.' मग भाकरी खाते. वाघ्या बोलला नाही तर भाकरी तशीच. एवढे गणित पक्के आहे.

आता माझा गुन्हा. तुम्ही नेरला विटांचे घर बांधलेत. आम्ही पाहून आलो, कौतुक केले, आणि येताना माझ्या पोटात जळजळ सुरू झाली. मला घर बांधणे जमणार नव्हते, म्हणून मी लाव्यांसाठी बांधले. पक्क्या विटा, खाली सिमेंटचा कोबा, वर टिनाचे छप्पर, आणि दारावर गेरूने माझे नाव. याडी खाटेवरून रोज सकाळी डालगे दोन हात सरकवायला लावायची, आज इथे, उद्या तिथे. मला वाटले, म्हातारपणाचा चाळा आहे. म्हणालो, आता सरकवणे बंद, लावे पक्क्या घरात राहतील. सगळा तांडा पाहायला आला. मी चहा पाजला. असा मूर्खपणा गुळाच्या चहात मस्त विरघळतो.

पाचव्या आठवड्यात लावे पिसे फुगवून, डोळे अर्धे मिटून कोपऱ्यात बसले. दाणा टिपेनात. पांढरे पाणी हगू लागले. बोलणे बंद. तिसऱ्या दिवशी कवड्या गेला. याडीने ताट सरकवले आणि भिंतीकडे तोंड केले. हंसाबाई मात्र दोघींच्या वाटचे बोलली.

मग सुरू झाली आमची डाक्टरी. शेजाऱ्याने कांद्याचा रस सांगितला, दिला. लाव्यांच्या आधी माझ्या डोळ्यांना पाणी आले. कोणी कडुलिंबाची धुनी सांगितली, दिली; तिने म्हैस दावे तोडून पळाली आणि लावे जसेच्या तसे. शेवटी टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेले. तिथल्या बाबूने रजिस्टर उघडले. त्यात बैल, गाय, म्हैस, शेळी असे चार रकाने. लाव्याला रकाना नाही. बराच विचार करून त्याने शेळीखाली 'सहा नग' लिहिले आणि बैलाच्या औषधाची बाटली दिली. म्हणाला, 'वजनाच्या हिशेबानं पाजा.' आता बैल दहा मणाचा आणि लावा आठ तोळ्यांचा! मी पाटीवर त्रैराशिक मांडले, तीनदा पुसले, आणि उत्तर आले ते थेंबाहून कमी. थेंबाचे तुकडे कसे करता? गवताची काडी बुडवून चोचीला लावली. धवळ्या आडवा पडला, पाय वर केले, आणि मी मेलो मेलो म्हणेपर्यंत शिंकून उभा राहिला. तेव्हा मले असा राग आला भाऊ, का ते बाटली मी नाल्यात फेकून देल्ली. सांगा ना, काहून ठेवू घरात?

याडीचा तो उपाशी चौथा दिवस. हंसाबाई परसात तोंडाला पदर लावून रडत होती, आणि मी तुम्हाला काय लिहावे याचा विचार करत दाराशी बसलो होतो. खरे सांगतो, भ्यालो होतो. तेवढ्यात आतून आवाज आला. 'पूनमसिंग, बैलांत रोग शिरला तं आमी काय करत होतो?' मी म्हणालो, याडी, मला काय ठाऊक, मी लदनी पाहिलीच नाही. ती म्हणाली, 'तांडा उठवत होतो. जुनी जागा सोडाची, जुनं पाणी सोडाचं. दुखणाईत बैल मागं, येगयेगळे. तू त्याह्यले त्याह्यच्याच घाणीत कोंडलं रे, बाबू.' आणि दोन वर्षे खाटेवरून न उतरलेली तुमची आई खाटेवरून उतरली. काठी मागितली. मी हात दिला तर हाणली.

पण तांडा उठवायचा तर नायकाचा हुकूम पाहिजे. मी शंकरसिंग नायकाकडे गेलो, मान खाली घालून. वाटले, हसून लोळेल. तो उठला, पागोटे बांधले, आमच्या अंगणात आला आणि याडीसमोर उभा राहून विचारले, 'बैल किती?' याडी म्हणाली, 'सहा. एक गेला.' नायकाने क्षणभर डोळे मिटले आणि हुकूम दिला, 'उठवा.' भाऊ, अंगणात तीस माणसे होती, एकही हसले नाही. मला हसू येत होते, त्याचे रडू झाले.

सहा लाव्यांना सहा वेगळी डालगी. पुढे बैलबंडी, बंडीत याडी आणि लावे, मागे हंसाबाई कुटकीचा ताजा दाणा आणि वारुळातली वाळवी घेऊन. पहिला मुक्काम नायकाच्या खळ्यामागे. दुसऱ्या सकाळी तिथली माती जाळून पुढे, नाल्याकाठच्या मोहाखाली. रोज नवी जागा, रोज वाहते पाणी, रोज डालगी उन्हात. तिसऱ्या दिवशी मोरक्याने दाणा टिपला. चौथ्या पहाटे सगळे झोपेत असताना वाघ्या असा कडाडून बोलला, की मी घोंगडीसकट उठून बसलो! याडी म्हणाली, 'उत्तम उठला.' आणि दीड भाकरी खाल्ली. ठेच्यासंगं! हंसाबाईने मला आनंदाने एक गुद्दा घातला, तो अजून दुखतो.

साही लावे आज ठणठणीत आहेत. दवाखान्याचा बाबू वाटेत भेटला, कोणत्या औषधाने गुण आला म्हणून विचारू लागला, रजिस्टरात लिहायचे म्हणे. मी सांगितले, लिहा, चालण्याने. त्याने खरेच लिहिले, शेळीखाली. लाव्यांचे पक्के घर मी माझ्या हाताने पाडले, गेरूतल्या नावासकट. तर असा हा विजय आहे, आणि कार्डावर मावला नसता म्हणून पाकीट घेतले. सर्वांस यथायोग्य सांगावे.

आपला मेहुणा,
पूनमसिंग

ता. क. वर पत्त्यात मोहदरी तांडा लिहिले आहे ते सवयीने. आम्ही तिथे नाही. लावे बरे झाले तेव्हा मी म्हणालो, याडी, चला आता घरी. ती म्हणाली, उठलेला तांडा जुन्या जागेवर बसत नाही. मग पाचवा मुक्काम झाला, सहावा झाला. आज सतरावा आहे. रोज पाव कोस. पहिले काही दिवस ती बंडीत बसत होती, आता काठी टेकत पुढे चालते आणि बंडी हळू हाका म्हणून आम्हालाच ओरडते.

आणखी एक. रोज सकाळी मी विचारतो, आज कुणीकडे? ती कपाळावर हात धरून चारी दिशा पाहते, खूप विचार केल्यासारखे करते, आणि दर वेळी नेरकडेच बोट दाखवते. म्हणते, तिकडं पाणी चांगलं हाय. तुमचे नाव घेत नाही. मीही घेत नाही. आता तुमचे नेर इथून पाऊण कोस राहिले आहे.

शेवटचे, आणि याच्यासाठीच सगळे पत्र लिहिले. गुरुवारी सकाळी आम्ही तुमच्या वेशीशी येऊ. मोटार, रिक्षा, टांगा काही पाठवू नका, ती तिथूनच मागे फिरेल. पायी या, पाण्याची घागर घेऊन या. ती म्हणेल की मी कोणाकडे राहायला आली नाही, लाव्यांना जागा पाहिजे, दोन दिवस उतरू देता का? तुम्ही 'मी तीन वर्षं बोलावत होतो' असे काही बोलायचे नाही. 'उतरा' म्हणायचे, बस्स. रडू येईल, तर डालग्यात वाकून लावे पाहत राहा. मीही तेच करणार आहे.